पेरोल कार्ड

पेरोल कार्ड किंवा वेतन कार्ड म्हणजे असे प्रीपेड डेबिट कार्ड, ज्याच्या खात्यात नियोक्ता आपल्या कर्मचाऱ्याचे वेतन ठरावीक कालावधीने जमा करतो. कर्मचारी हे कार्ड वापरून दुकानात खरेदी करू शकतो, देयके भरू शकतो आणि एटीएममधून किंवा बँकेच्या खिडकीवरून रोख रक्कम काढू शकतो. त्यासाठी त्याचे स्वतःचे बँक खाते असण्याची गरज नसते. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशात प्रचलित आहे. तिच्याविषयीचे सविस्तर कायदेही तेथेच विकसित झाले आहेत.

पेरोल कार्डासंबंधीच्या कायद्यांपुढे मुख्यतः तीन प्रश्न आहेत. कर्मचाऱ्यावर कार्डाची सक्ती करता येते का? त्याला आपले संपूर्ण वेतन खर्चाविना हाती घेता येते का? कार्ड हरवल्यास किंवा हिशेबात चूक झाल्यास नुकसान कोणी सोसायचे? अमेरिकेत पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे संघीय कायदा देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी राज्यांच्या कायद्यांवर सोपवले गेले असल्यामुळे कर्मचाऱ्याला मिळणारे संरक्षण राज्यागणिक बदलते.

पार्श्वभूमी

वेतन कोणत्या रूपात द्यावे, हा कामगार कायद्यातील जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील अनेक कारखानदार कामगारांना रोख पैशांऐवजी माल किंवा चिठ्ठ्या देत असत. त्या चिठ्ठ्या मालकाच्याच दुकानात चालत आणि तेथील भाव मालकच ठरवत असे. ही पद्धत ‘ट्रक पद्धत’ म्हणून ओळखली जाई. तिला आळा घालण्यासाठी १८३१ मध्ये ट्रक कायदा करण्यात आला आणि वेतन प्रचलित नाण्यांतच देण्याचे बंधन घातले गेले. अमेरिकेतही कोळशाच्या खाणी आणि लाकूडतोडीच्या वसाहती यांमध्ये कंपनीने स्वतः काढलेले टोकन वेतन म्हणून दिले जात असे. ते बाहेर वटवायचे झाल्यास दर्शनी किमतीपेक्षा कमी पैसे मिळत. या अनुभवातून अनेक राज्यांनी वेतन कायदेशीर चलनात किंवा कोणतीही कपात न होता वटणाऱ्या धनादेशाने द्यावे, असे नियम केले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धनादेशाची जागा हळूहळू बँक खात्यात थेट जमा करण्याच्या पद्धतीने घेतली. तथापि बँक खाते नसलेला कर्मचारी या व्यवस्थेबाहेर राहिला. त्याला वेतनाचा धनादेश वटवून देणाऱ्या दुकानात न्यावा लागे आणि त्यासाठी शुल्क भरावे लागे. संघीय ठेव विमा महामंडळाच्या पाहणीनुसार २०११ मध्ये अमेरिकेतील ८.२ टक्के कुटुंबांत कोणाचेही बँक खाते नव्हते. २०२३ मध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होते. अशा कर्मचाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेतन देण्याचे साधन म्हणून १९९० च्या दशकात पेरोल कार्डे पुढे आली. किरकोळ विक्रीची दुकाने, उपाहारगृहे आणि तात्पुरते मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्था अशा कमी वेतनाच्या व वारंवार कर्मचारी बदलणाऱ्या क्षेत्रांत त्यांचा विशेष प्रसार झाला.

कार्यपद्धती

पेरोल कार्डाच्या व्यवहारात साधारणपणे पाच पक्ष असतात : नियोक्ता, कर्मचारी, कार्ड जारी करणारी बँक, कार्ड योजना चालवणारी कंपनी आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखे देयक जाळे. नियोक्ता सर्व कार्डधारक कर्मचाऱ्यांच्या वेतनाची रक्कम जारीकर्त्या बँकेकडे पाठवतो. पुष्कळदा ही रक्कम बँकेत एकाच सामाईक खात्यात राहते आणि त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचा वाटा किती, याची नोंद योजना चालवणारी कंपनी ठेवते. कर्मचाऱ्याने कार्ड वापरले की त्याच्या नावावरील शिल्लक तेवढ्याने कमी होते.

नियोक्त्याच्या दृष्टीने या पद्धतीत धनादेश छापणे, वाटणे आणि हरवलेल्या धनादेशांचा पाठपुरावा करणे हा खर्च वाचतो. कार्ड योजना चालवणाऱ्यांचे उत्पन्न दोन मार्गांनी येते. कार्डाने खरेदी झाल्यावर दुकानदाराच्या बाजूकडून विनिमय शुल्क मिळते आणि कार्डधारकाकडून विविध सेवांचे शुल्क आकारले जाते. कायदेशीर वाद प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या शुल्कावरून उद्भवले आहेत.

शुल्काचा प्रश्न

पेरोल कार्डावर आढळणाऱ्या शुल्कांत मासिक शुल्क, एटीएममधून रक्कम काढण्याचे शुल्क, शिल्लक पाहण्याचे शुल्क, नाकारल्या गेलेल्या व्यवहाराचे शुल्क, ग्राहक सेवेला दूरध्वनी करण्याचे शुल्क, हरवलेल्या कार्डाच्या बदली कार्डाचे शुल्क आणि काही काळ कार्ड न वापरल्यास लागणारे निष्क्रियता शुल्क यांचा समावेश होतो. प्रत्येक शुल्क एकेकटे पाहता किरकोळ वाटते. कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यावर त्याचा परिणाम मात्र लक्षणीय असतो.

उदाहरणार्थ, संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर धरल्यास ४० तासांच्या आठवड्याचे वेतन २९० डॉलर होते. करकपात बाजूला ठेवून असे समजू की, कर्मचाऱ्याने आठवड्यात दोनदा पैसे काढताना प्रत्येकी १.७५ डॉलर आणि एकदा शिल्लक पाहताना १ डॉलर शुल्क भरले. त्याच्या हाती २८५.५० डॉलर राहतात, म्हणजेच ताशी सुमारे ७.१४ डॉलर. कागदोपत्री किमान वेतन देऊनही प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम त्याहून कमी ठरते.

दुसरी अडचण एटीएम यंत्राच्या रचनेतून येते. अमेरिकेतील बहुतेक एटीएम २० डॉलरच्या पटीत नोटा देतात. खात्यात २८७.६३ डॉलर असल्यास यंत्रातून २८० डॉलर निघतात आणि ७.६३ डॉलर मागे राहतात. यामुळे अनेक राज्यांच्या कायद्यांत केवळ ‘विनाशुल्क पैसे काढण्याची सोय’ एवढेच न म्हणता ‘संपूर्ण निव्वळ वेतन विनाशुल्क काढण्याची सोय’ अशी अट घातलेली आढळते. व्यवहारात ही अट बहुधा देयक जाळ्यातील एखाद्या बँकेच्या खिडकीवरून संपूर्ण रक्कम काढू देऊन पूर्ण केली जाते.

संघीय कायदा

सक्तीस मनाई

इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण कायदा, १९७८ हा या विषयावरील मूळ संघीय कायदा आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे स्वीकारण्यासाठी एखाद्या विशिष्ट वित्तीय संस्थेतच खाते उघडण्याची अट नोकरीसाठी घालण्यास हा कायदा मनाई करतो. त्याच्या अंमलबजावणीसाठी फेडरल रिझर्व्ह मंडळाने केलेले नियम ‘रेग्युलेशन ई’ या नावाने ओळखले जातात. मंडळाने २००६ मध्ये या नियमांत दुरुस्ती करून पेरोल कार्ड खात्याचा स्पष्ट समावेश केला. ही दुरुस्ती १ जुलै २००७ पासून लागू झाली. वित्तीय संकटानंतर झालेल्या सुधारणांनुसार जुलै २०११ मध्ये हे अधिकार ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरोकडे आले.

या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ असा की, नियोक्ता वेतन थेट खात्यात जमा करण्याची सक्ती करू शकतो, परंतु खाते कोणत्या बँकेत असावे हे कर्मचाऱ्यानेच निवडायचे असते. दुसरा मार्ग म्हणजे विशिष्ट बँकेतील खात्याचा पर्याय देताना सोबत रोख किंवा धनादेशाचाही पर्याय ठेवणे. (राज्याच्या कायद्याने थेट जमा करण्यासाठीही कर्मचाऱ्याची संमती आवश्यक केली असल्यास ती वेगळी घ्यावी लागते.) पेरोल कार्ड नियोक्त्याने निवडलेल्या बँकेकडूनच येत असल्यामुळे ते एकमेव पर्याय म्हणून देता येत नाही. काही नियोक्ते ही अट दुर्लक्षित करत असल्याच्या तक्रारी आल्यानंतर ब्युरोने १२ सप्टेंबर २०१३ रोजी परिपत्रक काढून ही मनाई पेरोल कार्डांना लागू असल्याचे स्पष्ट केले.

कायद्याचा भंग झाल्यास कर्मचारी स्वतः दावा दाखल करू शकतो. वैयक्तिक दाव्यात प्रत्यक्ष नुकसानभरपाईखेरीज १०० ते १,००० डॉलरपर्यंतची वैधानिक रक्कम मिळू शकते. असा दावा भंग घडल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.

माहिती देण्याचे बंधन

ब्युरोने २०१६ मध्ये प्रीपेड खात्यांसाठी सर्वंकष नियम जाहीर केले. ते १ एप्रिल २०१९ पासून अमलात आले. त्यानुसार पेरोल कार्ड खाते स्वीकारण्यापूर्वी कर्मचाऱ्याला शुल्कांची दोन प्रकारची पत्रके द्यावी लागतात. संक्षिप्त पत्रकात मासिक शुल्क, खरेदी, एटीएम, शिल्लक चौकशी, ग्राहक सेवा आणि निष्क्रियता यांसारखी मुख्य शुल्के ठरावीक तक्त्यात असतात. विस्तृत पत्रकात सर्व शुल्के आणि ती कोणत्या स्थितीत लागतात, याचा तपशील असतो. हे पेरोल कार्ड स्वीकारणे बंधनकारक नाही आणि वेतन मिळवण्याचे अन्य मार्ग उपलब्ध आहेत, हे संक्षिप्त पत्रकाच्या आरंभीच नमूद करणे आवश्यक असते.

संघीय नियम शुल्क उघड करण्यास भाग पाडतात. मात्र कोणते शुल्क घ्यावे किंवा ते किती असावे, यावर ते सर्वसाधारण मर्यादा घालत नाहीत. कार्डावर शिल्लक रकमेपेक्षा अधिक खर्च करू देऊन त्यासाठी आकार घेणाऱ्या कर्जसुविधांना मात्र २०१९ च्या नियमांनी बव्हंशी क्रेडिट कार्डाच्या नियमांखाली आणले.

खात्याची माहिती, चोरी आणि चुका

जारीकर्त्याने कर्मचाऱ्याला नियमित छापील विवरणपत्र पाठवावे, किंवा त्याऐवजी तीन सोयी उपलब्ध ठेवाव्यात, असा नियम आहे : दूरध्वनीवरून शिल्लक कळण्याची सोय, किमान मागील १२ महिन्यांच्या व्यवहारांची इलेक्ट्रॉनिक नोंद, आणि मागणी केल्यास किमान मागील २४ महिन्यांच्या व्यवहारांची लेखी नोंद.

कार्ड हरवल्यास किंवा चोरीला गेल्यास कर्मचाऱ्याची जबाबदारी तो किती लवकर कळवतो यावर ठरते. ही गोष्ट लक्षात आल्यापासून बँकेच्या कामकाजाच्या दोन दिवसांत कळवल्यास त्याचे नुकसान ५० डॉलरपेक्षा अधिक होऊ शकत नाही. विलंब झाल्यास ही मर्यादा ५०० डॉलरपर्यंत जाते. खात्याच्या नोंदीत दिसलेला अनधिकृत व्यवहार ६० दिवसांच्या विहित मुदतीत कळवला नाही, तर त्यानंतर घडणाऱ्या आणि वेळीच कळवल्यास टळू शकल्या असत्या अशा व्यवहारांचे संपूर्ण नुकसान त्याच्यावर पडू शकते.

हिशेबातील चूक कळवल्यावर जारीकर्त्याने साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत चौकशी पूर्ण करावी लागते. अधिक वेळ लागणार असल्यास वादग्रस्त रक्कम तात्पुरती खात्यात जमा करून सर्वसाधारणपणे ४५ दिवसांपर्यंत चौकशी चालवता येते. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याचे वेतन अडकून राहू नये, हा या तरतुदीमागील हेतू आहे.

किमान वेतन आणि ठेव विमा

न्याय्य श्रममानके कायदा, १९३८ पेरोल कार्डाचा उल्लेख करत नाही. तथापि त्याखालील नियमांनुसार वेतन अंतिमतः, विनाअट आणि निर्वेध स्वरूपात कर्मचाऱ्याच्या हाती पडल्याशिवाय ते दिले गेले असे मानले जात नाही. संघीय किमान वेतन २४ जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. वेतन मिळवण्यासाठी टाळता न येणारे शुल्क भरावे लागत असेल आणि त्यामुळे हाती येणारी रक्कम किमान वेतनाखाली जात असेल, तर या तत्त्वाचा भंग होतो, असा युक्तिवाद कर्मचाऱ्यांच्या बाजूने केला जातो.

सामाईक खात्यातील रकमेलाही संघीय ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक कार्डधारकाच्या नावाने मिळू शकते. रक्कम कोणाच्या वतीने ठेवली आहे आणि कोणाचा वाटा किती, हे नोंदींवरून सिद्ध होणे त्यासाठी आवश्यक असते. ही अट पूर्ण झाल्यास त्याच बँकेतील अन्य ठेवी धरून प्रत्येक व्यक्तीमागे २,५०,००० डॉलरपर्यंतची रक्कम सुरक्षित राहते.

राज्यांचे कायदे

संघीय कायदा किमान पातळी निश्चित करतो. राज्ये त्याहून अधिक संरक्षण देऊ शकतात. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेनुसार वेतनाचे साधन राज्यातील एखाद्या प्रस्थापित ठिकाणी, मागणी करताच आणि कोणतीही कपात न होता रोखीत बदलता आले पाहिजे. ही तरतूद पेरोल कार्डांपूर्वीची असली, तरी कार्डाने दिलेल्या वेतनालाही तीच कसोटी लावली जाते.

इलिनॉयने १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या कायद्यात पेरोल कार्डांसाठी स्वतंत्र नियम केले. कार्ड ही नोकरीची अट असू शकत नाही. प्रत्येक वेतन कालावधीत किमान एकदा संपूर्ण निव्वळ वेतन विनाशुल्क काढण्याचा मार्ग उपलब्ध असला पाहिजे. कार्डाला भावी वेतनावरील कर्ज किंवा उचल यांसारखी कोणतीही पतसुविधा जोडता येत नाही.

पेनसिल्व्हेनियातील वाद

या विषयावरील बहुचर्चित खटला पेनसिल्व्हेनिया राज्यातील आहे. २०१३ मध्ये लुझर्न परगण्यातील एका उपाहारगृह व्यावसायिकाविरुद्ध त्याच्या तासिक वेतनावरील कर्मचाऱ्यांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. वेतनासाठी पेरोल कार्डाची सक्ती केली गेली आणि पैसे काढताना शुल्क भरावे लागले, अशी तक्रार होती. राज्याच्या १९६१ च्या वेतन प्रदान व वसुली कायद्यात वेतन कायदेशीर चलनात किंवा धनादेशाने द्यावे, असे म्हटले होते. त्यामुळे शुल्क लागू होणारे सक्तीचे कार्ड चलन किंवा धनादेश यांच्या बरोबरीचे मानता येईल का, हा कळीचा मुद्दा ठरला. कनिष्ठ न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये राज्याच्या सुपीरियर न्यायालयाने ते कायम केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या नव्या कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि मे २०१७ पासून तो लागू झाला. त्याने पेरोल कार्डांना मान्यता दिली, मात्र कर्मचाऱ्याची ऐच्छिक संमती, शुल्कांची पूर्वसूचना आणि वेतन विनाशुल्क काढण्याची सोय या अटी घातल्या. न्यायालयाने सक्तीचे कार्ड अमान्य केले आणि विधिमंडळाने ऐच्छिक कार्डाला नियमांच्या चौकटीत जागा दिली.

न्यू यॉर्कमधील नियम आणि त्यांची रद्दबातलता

न्यू यॉर्कच्या महाधिवक्ता कार्यालयाने २०१४ मध्ये पेरोल कार्डांवरील शुल्कांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर राज्याच्या कामगार विभागाने सप्टेंबर २०१६ मध्ये कठोर नियम जाहीर केले. लेखी माहिती आणि संमती, संमतीनंतर कामकाजाच्या सात दिवसांचा विचारकाल, तसेच अनेक प्रकारच्या शुल्कांवर बंदी अशा त्यांतील तरतुदी होत्या. ते ७ मार्च २०१७ पासून लागू होणार होते. परंतु त्याआधीच, १६ फेब्रुवारी २०१७ रोजी, राज्याच्या औद्योगिक अपील मंडळाने ते रद्द केले. कार्डांवरील शुल्कांचे नियमन हा बँकिंग नियामकांचा विषय असून कामगार विभागाने आपल्या अधिकारांची मर्यादा ओलांडली, असे मंडळाचे मत होते. पेरोल कार्ड हे वेतनाचे साधन मानावे की बँकिंगचे उत्पादन, ही अडचण या निर्णयातून ठळकपणे पुढे आली.

मतमतांतरे

पेरोल कार्डाच्या समर्थकांच्या मते, बँक खाते नसलेल्या कर्मचाऱ्याला धनादेश वटवण्यासाठी अधिक खर्च येतो आणि मोठी रोख रक्कम जवळ बाळगण्याचा धोका पत्करावा लागतो. कार्डामुळे वेतन ठरल्या दिवशी जमा होते, चोरीपासून कायदेशीर संरक्षण मिळते आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देयके भरता येतात. कामावरून कमी केलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन तत्काळ देण्याचे बंधन असलेल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कार्डाने हे काम त्वरेने होऊ शकते.

टीकाकारांच्या मते, कागदावरची संमती नेहमीच खरी संमती नसते. नोकरीच्या पहिल्या दिवशी अनेक कागदपत्रांसोबत कार्डाचे संमतिपत्र पुढे आल्यास नवा कर्मचारी पर्याय विचारण्यास कचरतो. कार्ड निवडणारा नियोक्ता आणि शुल्क भरणारा कर्मचारी हे भिन्न असल्यामुळे बाजारातील स्पर्धेचा लाभ कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही, हा दुसरा आक्षेप आहे. शुल्कमर्यादा घालणाऱ्या राज्यांचे कायदे मुख्यतः याच आक्षेपाला उत्तर देतात.

भारत आणि इतर देश

भारतात वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार वेतन मूलतः प्रचलित नाणी किंवा नोटा यांच्या रूपात द्यावे लागत असे. १९७६ च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीने धनादेशाचा किंवा बँक खात्यात जमा करण्याचा मार्ग खुला झाला. २०१७ च्या दुरुस्तीने ही संमतीची अट काढून टाकली आणि विशिष्ट आस्थापनांना केवळ याच दोन मार्गांनी वेतन देण्याचे बंधन घालण्याचा अधिकार सरकारला दिला. या अधिनियमाची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या कलम १५ मध्ये रोख, धनादेश आणि बँक खाते यांसोबत इलेक्ट्रॉनिक पद्धतीचाही उल्लेख आहे. संहितेत नमूद केलेल्या कारणांव्यतिरिक्त वेतनातून कपात करण्यास मनाई आहे.

खाते नसलेल्या कामगाराचा प्रश्न भारताने वेगळ्या मार्गाने हाताळला. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन-धन योजनेत किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते आणि रुपे डेबिट कार्ड देण्यात आले. असे खाते कामगाराच्या स्वतःच्या नावावर असते आणि नोकरी बदलली तरी टिकते. नियोक्त्याने निवडलेल्या कार्ड योजनेपेक्षा हा महत्त्वाचा फरक आहे.

संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून वेतन संरक्षण प्रणाली लागू आहे. तिच्यात खासगी आस्थापनांना वेतन अधिकृत इलेक्ट्रॉनिक मार्गाने द्यावे लागते, त्यामुळे ते वेळेवर दिले गेले का, हे सरकारला पडताळता येते. बँक खाते नसलेल्या स्थलांतरित कामगारांना तेथे वेतन कार्डावर मिळते.

हेही पहा

किमान वेतन
डेबिट कार्ड
प्रधानमंत्री जन-धन योजना
वेतन संहिता, २०१९